सहा कळांचा कीबोर्ड : संगणकाला ठिपके द्यायचे की अक्षरे?

ब्रेल ही दृष्टिहीनांची उठावाच्या ठिपक्यांची लिपी. तिच्या प्रत्येक चौकटीत १ ते ६ अशा क्रमांकांच्या ठिपक्यांपैकी कोणते उठवले यावरून अक्षर ठरते, आणि यंत्रावर एका अक्षराच्या सगळ्या कळा एकदमच दाबतात. साध्या संगणकी कीबोर्डवर ब्रेल लिहिण्याची सोय करताना एफ, डी, एस या कळांना अनुक्रमे १, २, ३ आणि जे, के, एल या कळांना ४, ५, ६ हे ठिपके नेमून दिले जातात. ही वाटणी संगणकाच्या काळातली नाही. अमेरिकेत १८९२ मध्ये तयार झालेल्या ब्रेल टंकयंत्राला सहा कळा होत्या. १९५१ पासून वापरात आलेल्या पर्किन्स या ब्रेल टंकयंत्रात मधोमध अंतरकळ (स्पेस), तिच्या डावीकडे ३-२-१ आणि उजवीकडे ४-५-६ अशी रचना आहे. दोन्ही तर्जन्या १ आणि ४ या ठिपक्यांवर राहतात, आणि संगणकाच्या कीबोर्डवर एफ व जे याच कळांवर बोटांना जाणवणारा उंचवटा असल्यामुळे जुनी सवय नव्या साधनावर सहज उतरली. कागद पाटीत अडकवून सळईने उजवीकडून डावीकडे, उलटे ठिपके टोचण्याची कसरत यंत्राने आधीच संपवली होती.

अडचण निघाली ती कीबोर्डच्या घडणीत. एका वेळी एक कळ दाबली जाईल या गृहीतावर बनलेले अनेक स्वस्त कीबोर्ड चार-पाच कळा एकत्र दाबल्या की त्यांतली एखादी गिळतात. यूएसबीच्या सर्वांत साध्या संदेशपद्धतीत शिफ्टसारख्या कळा वगळता एका वेळी सहाच कळांना जागा असते. त्यामुळे मांडणी अचूक बसवूनही एखादा ठिपका गळतो आणि दोष मात्र लिहिणाऱ्याच्या बोटांना दिला जातो.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. पर्किन्स यंत्रात कळा दाबताच कागदावर ठिपके उठतात. संगणकाला मात्र अक्षर पूर्ण झाले हे कळांच्या सुटण्यावरून ओळखावे लागते. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्यात यासाठी ३०० मिलिसेकंदांची मुदत ठेवलेली आहे. पहिली कळ सुटल्यापासून तेवढ्या वेळात सुटलेल्या सर्व कळा एकाच अक्षराच्या धरल्या जातात; चुकून दाबलेली कळ आधी सोडून बाकीच्या त्याहून अधिक काळ धरून ठेवल्या, तर ती मोजली जात नाही. एक अक्षर दोन टप्प्यांत, म्हणजे एका हाताने, लिहिण्याचीही मुभा तिथे आहे. ज्यांचा एकच हात चालतो त्यांचा विचार इतक्या मुळाशी झाला, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

मात्र खरा गोंधळ 'ब्रेल इनपुट' या शब्दातच आहे. 'ब्रेल कीबोर्ड' म्हणून कधी कळांवर उठावाचे ठिपके असलेला नेहमीचाच कीबोर्ड विकला जातो. त्यावर सहा कळांनी लिहिण्याचा काहीही संबंध नसतो. तो प्रकार बाजूला ठेवला तरी दोन अगदी वेगळ्या गोष्टी उरतात. पहिल्या प्रकारात कळा दाबल्यावर ठिपक्यांची आकृती जशीच्या तशी दस्तऐवजात उमटते. युनिकोड म्हणजे सर्व लिपींतल्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणारे प्रमाण. १९९९ मधील त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, सहाला आणखी दोन जोडून होणाऱ्या आठ ठिपक्यांच्या सर्व २५६ आकृत्यांना स्वतंत्र स्थान मिळाले आणि हा मार्ग खुला झाला. सातव्या व आठव्या ठिपक्यासाठी सहसा ए आणि अर्धविरामाची कळ वापरतात. दुसऱ्या प्रकारात संगणक त्या ठिपक्यांचा अर्थ लावून थेट देवनागरी अक्षर उमटवतो.

इंग्रजीच्या साध्या, संक्षेपाविना लिहिलेल्या ब्रेलमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. मराठीत तो पावलोपावली आडवा येतो. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्येच स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलमध्ये स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच चिन्ह आहे. ३-५ हे ठिपके व्यंजनानंतर आले तर दीर्घ वेलांटी, एरवी ई. म्हणून 'मुंबई' लिहिताना ब आणि ई यांच्यामध्ये १ हा ठिपका, म्हणजे अ, घालावा लागतो. तो राहिला तर 'मुंबी' होते. जोडाक्षराचे तर त्याहून अवघड. भारती ब्रेलमध्ये पाय मोडल्याची खूण, म्हणजे ४ हा ठिपका, व्यंजनाच्या आधी येते; युनिकोडमध्ये हलन्ताचे चिन्ह व्यंजनानंतर येते. 'परत' आणि 'प्रत' यांच्या ब्रेल लेखनात फरक एवढाच, की दुसऱ्याच्या आरंभी ४ हा एक ठिपका असतो. तो दाबला जाताच हलन्त उमटवणारी प्रणाली शब्द बिघडवते. तिने तो राखून ठेवून पुढचे व्यंजन येईपर्यंत थांबले पाहिजे.

त्यामुळे मांडणी ठरवणाऱ्यांमध्ये दोन मते पडली. एका मताप्रमाणे डोळस शिक्षकाला, लिपिकाला वाचता येईल अशी देवनागरीच कीबोर्डमधून निघाली पाहिजे. नाहीतर ब्रेल शिकलेला विद्यार्थी पुन्हा एकटा पडतो. केरळात तयार झालेल्या मुक्त स्रोत प्रणालीने भारतीय भाषांसाठी हीच वाट धरली. दुसऱ्या मताप्रमाणे अर्थ लावण्याची घाई करू नये, कारण १-३ ही आकृती मराठीत क, इंग्रजीत के आणि गणिताच्या संकेतात आणखी काही असू शकते, आणि एकदा अक्षर झाले की लिहिणाऱ्याने कोणते ठिपके दिले होते ते मागे उरत नाही. गणित लिहिणाऱ्यासाठी आणि ब्रेल छपाईसाठी ही हानी लहान नव्हे. कळांनी फक्त ठिपके द्यावेत आणि रूपांतराचा तक्ता वेगळा, वापरणाऱ्याला बदलता येईल असा असावा, ही भूमिका अधिक टिकाऊ वाटते. पत्र देवनागरीत आणि गणित ठिपक्यांत, अशी निवड त्यामुळे लिहिणाऱ्याच्या हाती राहते.

२०१४ मध्ये आयफोनच्या आणि २०२० मध्ये अँड्रॉइडच्या पडद्यावर सहा बोटांनी लिहिण्याची सोय आली, तेव्हा कळा गिळल्या जाण्याचा प्रश्न मागे पडला. हलन्ताचा क्रम, मधला अ आणि पुसण्याचा प्रश्न मात्र तसेच राहिले. 'प्रत' लिहून मागे पुसत जाणारी कळ (बॅकस्पेस) दाबत गेल्यास ४ हा ठिपका प सोबत पुसला जावा की सर्वांत शेवटी, याचे उत्तर दोन्ही प्रकारांत वेगळे येते, आणि मांडणी बसवणाऱ्याने ते आधीच ठरवून वापरणाऱ्याला सांगायला हवे.