चढणीचे मासे आणि बगळ्यांची वीण

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की कोकणातील वहाळांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, काठाने रात्री बॅटऱ्या फिरू लागतात आणि सकाळी टोपलीभर मासळीची छायाचित्रे मोबाइलवर येऊन पडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘चढणीचे मासे’ आणि रायगडात ‘वलगणीचे मासे’ म्हणून ओळखली जाणारी ही मासळी आदल्या दिवसापर्यंत कोरड्या असलेल्या खाचरात दिसते. त्यामुळे ती पावसाबरोबर आभाळातून पडते, असे ठामपणे सांगणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात हे मासे उन्हाळाभर नदीच्या डोहांत तग धरून असतात आणि पाणी वाहते झाले की प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात अंडी घालायला येतात.

पण नेमके त्याच रात्री का? मादीच्या पोटातील अंडी उन्हाळ्यातच बलकाने भरून तयार झालेली असतात. मात्र अंडे तयार होणे आणि ते बाहेर पडणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पूर्ण वाढलेले अंडे एका टप्प्यावर थांबून राहते आणि पुढे सरकण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची मोठी लाट रक्तात यावी लागते. ती सोडण्याचा आदेश हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक देते. परंतु त्याच ग्रंथीवर डोपामिन हे रसायन उतारावर उभ्या केलेल्या गाडीच्या हँडब्रेकसारखे काम करत असते, आणि कार्प कुळातील माशांत हा ब्रेक विशेष घट्ट असतो. पुराचे पाणी आले की तापमान उतरते, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण घटते, प्रवाहाचा जोर वाढतो. या बदलांची एकत्रित जाणीव मेंदूला झाली, की आदेश वाढतो, ब्रेक सैल होतो, अंड्यातील केंद्रक कडेला सरकून त्याचे आवरण विरघळते आणि काही तासांत अंडी मोकळी होतात. हा संकेत मिळालाच नाही, तर तीच अंडी मादीच्या शरीरात पुन्हा शोषली जातात.

तळ्यात पाळलेले रोहू-मृगळ हे कार्प मासे अंड्यांवर येऊनही अंडी घालत नाहीत, हे कोडे याच ब्रेकचे होते. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून हे प्रजनन घडवून आणले. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो तो त्यामुळेच. मत्स्यबीज केंद्रांत आज वापरल्या जाणाऱ्या तयार इंजेक्शनांत जीएनआरएचसारख्या रेणूबरोबर बहुधा डॉम्पेरिडोन असते. डॉक्टर आपल्याला उलटीवर देतात ते हेच औषध. माशात ते डोपामिनचा ब्रेक सोडवते.

या शोधाने मत्स्यशेती उभी राहिली, यात शंका नाही. मात्र धरणात लाखो मत्स्यबीज सोडल्याचे समारंभ ‘संवर्धन’ म्हणून मिरवले जातात, ते पटण्यासारखे नाही. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे आहेत. त्यांच्या संख्येने कोकणातील मळ्या, शिंगटी किंवा खडस हे स्थानिक मासे वाचत नाहीत. त्यांना इंजेक्शन नको आहे, चढायला मोकळा वहाळ हवा आहे.

आता वहाळाच्या वर, झाडावर पाहू. एरवी मातकट दिसणारी ढोकरी, म्हणजे बगळ्याच्याच कुळातला छोटा पक्षी, या दिवसांत ओळखू येत नाही: पाठ गडद किरमिजी, डोक्यामागे लांब पांढरी पिसे. ढोकऱ्या आणि लहान बगळे पावसाळ्यात चिंचेवर, वडावर वसाहतीने घरटी करतात. अंडी साधारण साडेतीन आठवड्यांत फुटतात, म्हणजे पिल्ले भुकेने ओरडू लागतात तेव्हा खाचरांत माशांची नवी पिढी बोटाच्या पेराएवढी झालेली असते. वसाहतीखाली उभे राहिले, तर विष्ठेच्या पांढऱ्या सड्यात पिल्लाच्या चोचीतून निसटलेली, काटे ताठ झालेली शिंगटी कधीकधी सापडते.

‘बगळेच मासे संपवतात’ ही तक्रार मात्र हिशेबात बसत नाही. बगळा उथळ पाण्यातील पिल्ले टिपतो आणि त्यांतील बहुतेक पिल्ले एरवीही पाणी ओसरताना मरणारी असतात. पहिल्या पुरात वहाळाच्या तोंडाशी आडवे जाळे लावणारा माणूस अंडी घालण्याआधीची मादी उचलतो. यांत्रिक नौकांच्या समुद्रातील मासेमारीला जून-जुलैत बंदी असते. चढणीला प्रत्यक्षात तेवढी उसंत मिळत नाही. त्याआधी एप्रिल-मेमध्ये डोहात ब्लिचिंग पावडर किंवा जिलेटीनची स्फोटक कांडी टाकली गेली असेल, तर चढायला मासाच उरत नाही. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले मोठे मासे श्रद्धेमुळे टिकले, हे खरे. पण ते टिकण्याचे कारण चमत्कारात शोधू नये, कोणी मारले नाहीत एवढेच ते आहे.

उपाय फार खर्चिक नाहीत. माती-वाळू भरलेल्या गोण्या रचून केलेला वनराई बंधारा पहिल्या पुरात वाहून जातो, त्यामुळे तो चढणीला आड येत नाही. अडचण आहे ती पक्क्या सिमेंट बंधाऱ्यांची आणि रस्त्याखालच्या नळाच्या मोऱ्यांची. मोरीचे तोंड वहाळाच्या तळापासून हातभर उंच राहिले, तर बोटभर मासा तेथेच अडतो. तिच्याखाली दगडांचा उतार रचून दिला तरी वाट खुली होते. पहिले दोन-तीन पूर जाळ्याविना जाऊ द्यावेत आणि वसाहतीच्या झाडांच्या फांद्या ऑक्टोबरपूर्वी छाटू नयेत. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता नोंदवह्यांत माशांची यादी एका पानावर आणि पक्ष्यांची दुसऱ्यावर असते. चढण कोणत्या तारखेला लागली आणि घरट्यांत पहिली पिल्ले कधी दिसली, या दोन तारखा दरवर्षी शेजारी-शेजारी लिहिल्या, तर पाऊस लांबलेल्या वर्षी वसाहतीत काय घडते, हे गावालाच पाहता येईल.