डॉक स्पीकर की ब्लूटूथ स्पीकर? आधी खाचेत डोकावून बघा

समोरून दोन्ही सारखेच. लांबट डबा, जाळीमागे दोन स्पीकर आणि वरच्या बाजूला फोन उभा राहील अशी खाच. गल्लत होते ती या खाचेमुळेच. खाच दिसली की लोक तो डॉक धरून चालतात, पण कित्येक ब्लूटूथ स्पीकरांवरची खाच फोन टेकवण्यापुरती असते. काहींमध्ये ती फोन चार्ज करते, गाणं मात्र हवेतूनच येतं. तेव्हा घेण्याआधी एवढंच विचारायचं, की आवाज डब्यात शिरतो कुठून?

खऱ्या डॉकमध्ये तो पिनांमधून शिरतो. अ‍ॅपलच्या आयपॉड या म्युझिक प्लेअरला 2003 मध्ये 30 पिनांचा कनेक्टर मिळाला आणि डॉक स्पीकरांचं पेवच फुटलं. त्या पिनांमध्ये चार्जिंग होतं, कॉम्प्युटरची जोडणी होती आणि लाइन आउट, म्हणजे आवाजाचा सिग्नल थेट बाहेर देणारी जोडणीही होती. डॉकची खरी मजा या लाइन आउटमध्ये. हेडफोनच्या जॅकमधून आवाज घेतला की प्लेअरचा इवलासा अ‍ॅम्प्लिफायर मध्ये येतो आणि त्याचं व्हॉल्यूम सांभाळत बसावं लागतं. लाइन आउटचा सिग्नल ठरावीक पातळीचा असतो. तो मोठा करायचं काम डॉक स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरने करतो. शिवाय पेअरिंगची कटकट नाही, आणि गाणी वाजता वाजता बॅटरीही भरते.

ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून निघतानाच पुन्हा एकदा कॉम्प्रेस होतं. त्यासाठी एसबीसी हा कोडेक, म्हणजे आवाज कॉम्प्रेस करायची पद्धत, सगळ्यांना सक्तीचा. एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी हे त्याच्या वरचे. एलडीएसी 990 किलोबिट प्रतिसेकंदापर्यंत जातो. पण वरचा कोडेक फोन आणि स्पीकर दोघांनाही यावा लागतो, नाहीतर दोघं मुकाट्याने एसबीसीवर उतरतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात एलडीएसी लिहिलंय आणि आयफोनला तो येतच नाही, अशी गंमत होते. खरं सांगायचं तर लहान डब्यातून ऐकताना हा फरक फारसा कळत नाही. स्पीकर केवढा आहे आणि डबा किती भक्कम आहे, यावर जास्त ठरतं. (पीएमपीओचे, म्हणजे क्षणभरापुरत्या फुगवलेल्या ताकदीचे, हजार वॅट छापले असतील तर तो आकडा वाचूच नका.) जाणवतो तो आवाज पोचायला लागणारा उशीर. व्हिडिओ बघताना बहुतेक अ‍ॅप तो सांभाळून घेतात, गेममध्ये मात्र गोळी आधी दिसते आणि मग ऐकू येते.

मग डॉक मागे का पडले? कनेक्टर बदलला म्हणून. 2012 मध्ये आयफोन 5 बरोबर 8 पिनांचं लाइटनिंग आलं आणि 30 पिनांचे डॉक एका फटक्यात जुने झाले. लाइटनिंगमधून थेट अ‍ॅनालॉग आवाज निघत नव्हता, त्यामुळे जुन्या डॉकसाठीच्या अ‍ॅडॉप्टरमध्येच डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप घालावी लागली. पुढे 2023 मध्ये आयफोन 15 ला यूएसबी-सी आलं आणि लाइटनिंगच्या डॉकांचीही तीच गत झाली. अँड्रॉइडच्या वाट्याला तर डॉक फारसे आलेच नाहीत. कुणाचा पोर्ट खाली मधोमध, कुणाचा कडेला, कुणाचा उलटा. एका साच्यात बसणार कोण?

जुना डॉक स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक पेच आहे. सुरुवातीचे काही डॉक फायरवायरच्या (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीच्या) पिनांमधून चार्ज करत. 2008 च्या आयफोन 3जी पासून अ‍ॅपलने ती सोय काढायला सुरुवात केली. असा फोन त्या डॉकवर बसवला तर गाणं ठणठणीत वाजतं आणि बॅटरी मात्र उतरत जाते. आयफोन असो वा दुसरा कुठलाही जीएसएम फोन, 2जी नेटवर्कवर असताना कॉल येण्याआधी स्पीकरमधून टर्र-टर्र असा आवाज येऊ शकतो. त्याला डॉक बिघडलाय असं समजू नका. फोनच्या रेडिओचे झटके अ‍ॅम्प्लिफायर पकडतो, इतकंच.

यूएसबी-सीच्या खाचेवर तर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तिथे बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून चाचणी करायची. फोनचं ब्लूटूथ बंद करा, फोन खाचेत बसवा, गाणं लावा. डब्यातून वाजलं तर डॉक. फोनच्याच स्पीकरमधून वाजलं तर ते चार्जिंगचं स्टँड आहे. फोनला जाड कव्हर असेल तर ते काढून बसवून बघा; नाहीतर पिन अर्धीच शिरते आणि दोष डॉकला लागतो.

आयपॉड क्लासिकमध्ये गाणी साठवली असतील तर मी 30 पिनांचा डॉकच घेईन, कारण त्या प्लेअरमध्ये ब्लूटूथ नाहीच. रोजच्या फोनसाठी मात्र ब्लूटूथ स्पीकर बरा. डॉकमध्ये फोन अडकला की मेसेज बघायलाही तो उपटावा लागतो आणि गाणं तिथेच थांबतं. दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी मागच्या बाजूला 3.5 मिलिमीटरचा ऑक्स जॅक आहे ना, ते बघा. खाचेतला कनेक्टर कालबाह्य झाला तरी त्या जॅकला वायर किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावून डबा वाजवता येतो.