एक मोठा मॉनिटर की दोन-तीन छोटे? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

"गेमिंगसाठी एकच मोठा मॉनिटर घेऊ, की दोन-तीन छोटे?" हे आम्हाला रोज कोणी ना कोणी विचारतं. फोनवर दोन मिनिटांत याचं नीट उत्तर देता येत नाही. ते तुमच्या टेबलाच्या खोलीवर, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या ग्राफिक्स कार्डावर (गेमचं चित्र तयार करणारा भाग) आणि तुम्ही कोणते गेम खेळता यावर ठरतं. म्हणून सगळं एकदा लिहून काढलं आहे.

सगळ्यांत जास्त वेळ आणि मनस्ताप कशामुळे होतो, ते आधी सांगतो. इंच बघून ऑर्डर दिली जाते. "३२ इंची फोर-के पाठवा" एवढाच निरोप येतो (फोर-के म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचं, बारीक चित्र). मॉनिटर घरी पोचतो, जोडला जातो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की गेम अडकत चालतोय, मान दुखतेय, जुना मॉनिटर बरा होता. एका ग्राहकाकडे आम्ही स्वतः जाऊन पाहिलं. टेबल जेमतेम ५० सेंमी खोल, त्यात स्टँडच्या पायाने निम्मी जागा घेतलेली. स्क्रीन डोळ्यांपासून हातभरसुद्धा लांब नव्हती. कोपऱ्यातला नकाशा बघायला त्यांना प्रत्येक वेळी डोकं वळवावं लागत होतं. कार्ड होतं फुल एचडीपुरतं, म्हणजे फोर-के च्या चौथाई ठिपक्यांपुरतं. मॉनिटरमध्ये काहीच दोष नव्हता, तरी तो पुन्हा खोक्यात भरून परत आला. त्यांचे आठ दिवस गेले, आमचेही.

इंच म्हणजे फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. ३४ इंची अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा जास्त रुंद मॉनिटर) ३२ इंचीपेक्षा सगळ्या बाजूंनी मोठा असेल असं वाटतं, पण तसं नसतं. ३२ इंची साधा मॉनिटर सुमारे ७१ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच असतो. ३४ इंची अल्ट्रावाइड ८० सेंमीच्या आसपास रुंद असतो, पण उंची साधारण ३३-३४ सेंमी, म्हणजे २७ इंचीएवढीच. ४९ इंची लांबलचक मॉनिटरचीही उंची तेवढीच, रुंदी मात्र सुमारे १२० सेंमी. २७ इंचाचे दोन मॉनिटर शेजारी ठेवून मधली पट्टी काढून टाकली, तर जे होईल ते हेच.

घरी करून बघा. जुन्या खोक्याचा पुठ्ठा या मापाने कापा, टेबलावर जिथे मॉनिटर येणार तिथे उभा करा आणि रोजच्या खुर्चीत अर्धा तास बसा. चारही कोपरे मान न हलवता दिसले पाहिजेत. २७ इंचीसाठी डोळ्यांपासून साधारण ६०-७० सेंमी अंतर आम्ही सांगतो, ३२ इंचीसाठी ८० च्या आसपास. आमच्याकडे असे कापलेले पुठ्ठे तयार आहेत, मागाल तर घरी न्यायला देतो.

आता कार्डाचं. कार्डाला इंच कळत नाहीत, पिक्सेल (म्हणजे चित्राचे बारीक ठिपके) कळतात. फुल एचडीमध्ये (१९२०×१०८०) २०.७ लाख पिक्सेल असतात. १४४०पी मध्ये (२५६०×१४४०) ३६.९ लाख, फोर-के मध्ये ८२.९ लाख. म्हणजे फोर-के हे फुल एचडीच्या बरोबर चौपट काम. तीन मॉनिटर म्हणजे कार्डावर प्रचंड ओझं अशी अनेकांची समजूत असते. पण फुल एचडीचे तीन मॉनिटर मिळून ६२.२ लाख पिक्सेल होतात, म्हणजे एकट्या फोर-के पेक्षा कमी. १४४०पी चे तीन घेतले तर मात्र आकडा १ कोटी १० लाखांवर जातो, तिथे भलंभलं कार्ड दमतं.

आणि हा हिशोब लागू होतो तो गेम तिन्ही स्क्रीनवर पसरून खेळायचा असेल तरच. शेजारच्या मॉनिटरवर नुसतं चॅट, ब्राउझर किंवा एखादा व्हिडिओ असेल, तर गेम एकाच स्क्रीनवर चालतो आणि दुसऱ्या मॉनिटरचा भार अगदी थोडा असतो. म्हणून आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की दुसऱ्या स्क्रीनवर काय असणार.

त्यावर "गेमच, दोन्हीवर मिळून" असं उत्तर आलं, तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. दोन सारख्या मॉनिटरवर गेम पसरला की बरोबर मधोमध दोघांच्या कडा येतात. नेमबाजीच्या गेममध्ये क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) त्या काळ्या पट्टीत जातो. गाडी चालवताना समोरचा रस्ताच झाकला जातो. यावर कुठलंही सेटिंग नाही. गेम पसरायचाच असेल तर मॉनिटर तीन हवेत, तेही एकाच मॉडेलचे, म्हणजे मधला पूर्ण मोकळा राहतो. किंवा मग एकच लांब अल्ट्रावाइड.

तीन मॉनिटरची खरी मजा गाडी आणि विमानाच्या गेममध्ये आहे, हे आम्ही मनापासून सांगतो. आयरेसिंग, असेटो कोर्सा अशा गेममध्ये तीन स्क्रीनची सोय मुळातच दिलेली आहे. बाजूच्या मॉनिटरचा कोन गेमच्या सेटिंगमध्ये भरला की शेजारून येणारी गाडी खरोखर खांद्याजवळ दिसते. पण २४ इंचाचे तीन मॉनिटर सरळ रेषेत ठेवले तरी १६० सेंमी जागा लागते. तेवढं टेबल हवं, नाहीतर वेगळा स्टँड.

अल्ट्रावाइड घेणाऱ्यांनी आपले आवडते गेम आधी तपासावेत. व्हॅलोरंट रुंद स्क्रीनवर जास्तीचं दृश्य देत नाही, एल्डन रिंगमध्ये दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. स्पर्धेसाठी नेमबाजी खेळणाऱ्यांना आम्ही मोठी स्क्रीन विकतच नाही. त्यांच्यासाठी २४-२५ इंच आणि जास्त हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) हेच योग्य, मोठ्या स्पर्धांमध्येही त्याच मापाचे मॉनिटर असतात. गोष्टीचे, भटकंतीचे गेम निवांत खेळणाऱ्यांना मात्र ३२ इंची फोर-के किंवा ३४ इंची अल्ट्रावाइड बघून आनंद होतो, फक्त कार्ड तेवढं हवं.

बाकी बहुतेकांना आमचा सल्ला एकच असतो. समोर १४४०पी चा २७ इंची चांगला मॉनिटर, १४४ हर्ट्झ किंवा जास्त, आणि बाजूला तुमचाच जुना २४ इंची. जुना विकू नका. दोन मॉनिटरचा आर्म (टेबलाला लागणारा, मॉनिटर धरून ठेवणारा दांडा) आम्ही बसवून देतो. मॉनिटरमागे चार स्क्रूंची भोकं आहेत का (बहुतेक १०० बाय १०० मिमी) आणि टेबलाची फळी काचेची तर नाही ना, एवढं बघून ठेवा. ४९ इंचीचं वजन दहा किलोंच्या पुढे जातं, त्याला साधा आर्म चालत नाही.

या जोडीत एक त्रास हमखास होतो आणि त्यासाठी आम्हाला फोन येतो. माउस एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना कोपऱ्यात अडकतो. एका मॉनिटरची उंची १४४० पिक्सेल, दुसऱ्याची १०८०, त्यामुळे वरचा किंवा खालचा भाग जुळत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही चौकोन दिसतात, ते टेबलावरच्या मांडणीप्रमाणे ओढून ठेवा. गेममधून माउस बाहेर पळत असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये कर्सर आतच ठेवायचा पर्याय शोधा. खेळता खेळता चॅट बघायचं असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये बॉर्डरलेस विंडो निवडा, म्हणजे गेम पूर्ण स्क्रीनभर राहतो आणि माउस दुसरीकडे नेता येतो.

"नवीन मॉनिटर स्लो आहे" म्हणून बोलावणं आलं, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक म्हणजे केबल चुकीच्या जागी. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबी आणि नेटच्या केबलशेजारी जे पोर्ट असतं ते मदरबोर्डचं. ग्राफिक्स कार्डाची पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. मॉनिटर तिथेच लावायचा. वरच्या पोर्टमध्येही बऱ्याचदा चित्र येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि चांगलं कार्ड महिनोन्‌महिने रिकामं बसतं. दुसरी म्हणजे १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालू असतो. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा, वर मॉनिटर निवडा आणि हर्ट्झ बदला. प्रत्येक मॉनिटरचं वेगळं बदलावं लागतं. तिथे १४४ दिसतच नसेल तर केबल किंवा पोर्ट तपासा. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झने चालतं. मॉनिटरच्या खोक्यातली डिस्प्ले पोर्टची केबल वापरा, घरातली जुनी नको.

याचसाठी आम्ही ऑर्डर पक्की करण्याआधी कॅबिनेटच्या मागचा फोटो मागतो. काहींना ती नसती चौकशी वाटते. पण त्या एका फोटोत कार्डावर किती पोर्ट आहेत, कोणती आहेत आणि सध्याची केबल कुठे लावली आहे हे तिन्ही दिसतं. फोटो बघून "तुम्हाला नवीन मॉनिटरची गरजच नाही, केबल खालच्या पोर्टमध्ये लावा" असंही आम्ही अनेकांना सांगितलं आहे.

खोकं उघडून देतो म्हणूनही कधी कधी नाराजी होते. सीलबंद वस्तू हवी ही भावना आम्हाला कळते. तरीही आम्ही प्रत्येक मॉनिटर लावून बघतो, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले पिक्सेल शोधतो. तीनचा संच असेल तर तिघे शेजारी ठेवून रंग आणि उजेड जुळवतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही एक जरा पिवळट निघू शकतो, आणि ते घरी गेल्यावर रोज डोळ्यांना खुपतं. सील हवंच असेल तर तसं आधी सांगा, तसंही देतो.

तेव्हा मेसेज करताना चार गोष्टी पाठवा: कॅबिनेटच्या मागचा फोटो, ग्राफिक्स कार्डाचं नाव, टेबलाची लांबी आणि खोली सेंटिमीटरमध्ये, आणि तुम्ही सध्या सगळ्यांत जास्त खेळता ते दोन-तीन गेम. कार्डाचं नाव माहीत नसेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) क्लिक करा, उजवीकडे वर दिसेल.