मदरबोर्ड

संगणकाचे सगळे भाग ज्या एका फलकावर बसवलेले किंवा ज्याला जोडलेले असतात, त्या फलकाला मदरबोर्ड म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत त्याला नुसते ‘बोर्ड’ म्हटले जाते. आकडेमोड प्रोसेसर करतो आणि माहिती डिस्क साठवते. मदरबोर्डाकडे राहतात ती कामे तीन : प्रत्येक भागाला त्याला सोसेल तेवढ्याच दाबाची वीज पुरवणे, भागाभागांतील संदेशांची ने-आण करणे आणि संगणक सुरू होताना सर्वांना ठरलेल्या क्रमाने जागे करणे. ही कामे दिसत नसल्यामुळे बोर्डातला बिघाड पुष्कळदा रॅमच्या (चालू कामाची माहिती तात्पुरती धरणाऱ्या स्मृतीच्या) किंवा प्रोसेसरच्या माथी मारला जातो.

फलक काचतंतू व इपॉक्सी राळ यांचा बनलेला असतो आणि त्यात तांब्याचे चार, सहा किंवा अधिक थर असतात. प्रोसेसरच्या बैठकीपासून रॅमच्या खाचांकडे जाणाऱ्या तांब्याच्या रेघा नीट पाहिल्या, तर त्यांतील काही मुद्दाम नागमोडी काढलेल्या आढळतात. जवळची रेघ वळणे देऊन लांब केलेली असते, म्हणजे एकाच वेळी निघालेले संदेश एकाच वेळी पोहोचतात. फलकाची मापे ठरलेली आहेत. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स प्रकाराचे माप ३०५ × २४४ मिमी., तर घरगुती संगणकांत सर्रास दिसणाऱ्या मायक्रो-एटीएक्सचे कमाल माप २४४ × २४४ मिमी. आहे.

बोर्डावरील सर्वांत कष्टाचे काम वीजपुरवठ्याचे आहे. एसएमपीएसकडून, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाजोगी करून देणाऱ्या डब्याकडून, २४ पिनांच्या जोडणीतून ३.३, ५ आणि १२ व्होल्टची वीज येते. प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी असते. मात्र प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा व्होल्ट. हा दाब उतरवण्यासाठी बैठकीभोवती मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), कॉइल (तारेची वेटोळी) आणि कॅपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) यांची रांग असते. शंभर वॅट खाणारा प्रोसेसर एका व्होल्टवर चालवायचा, तर त्याला शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह द्यावा लागतो आणि तोही कामाच्या चढउताराप्रमाणे क्षणाक्षणाला कमी-जास्त करावा लागतो. हे चढउतार कॅपॅसिटर झेलतात. जुन्या बोर्डांवरील दंडगोल कॅपॅसिटरांत द्रव विद्युत्-अपघटक असतो आणि माथ्यावर फुलीसारख्या खाचा पाडलेल्या असतात, जेणेकरून आतला दाब वाढला तर तो तिथेच उकलावा. चांगल्या कॅपॅसिटरचा माथा सपाट असतो. तो फुगलेला दिसला किंवा त्यावर तपकिरी डाग सुकलेला असला, तर इतर काही तपासण्याआधी तो बदलावा.

अशा कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की अंदाजे निम्मे होते, आणि या एका नियमामुळे खानदेशात बोर्डाच्या निगेला वेगळे महत्त्व आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. पंखा व हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. त्यामुळे ३० अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर राहणारा प्रोसेसर ४५ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८० अंशांच्या आसपास पोहोचतो आणि त्याच्याभोवतीचे कॅपॅसिटरही तसेच अधिक तापतात. त्यात कापसाची भर पडते. जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या) परिसरातील दुकानात वर्षभर चाललेल्या संगणकाचा पंखा उचलला, की पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये धूळ व कापसाच्या तंतूंचा गोधडीच्या अस्तरासारखा थर निघतो. वरून फिरणारा पंखा ठीक दिसतो, पण हवा आत शिरतच नाही. म्हणून जिनिंगचा हंगाम ओसरल्यावर, होळीच्या सुमारास, ब्लोअर मारून घेणे उत्तम. मात्र त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो बेफाम फिरून त्याचे बेअरिंग बिघडते.

प्रोसेसरच्या बैठकीला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या २००४ मधील ७७५ संपर्कांच्या सॉकेटपासून केसासारख्या नाजूक पिना प्रोसेसरऐवजी बोर्डावर आल्या, त्यामुळे प्रोसेसर तिरका बसवला तर नुकसान बोर्डाचे होते. रॅमच्या पट्टीवरील खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असल्याने डीडीआर ३ या पिढीची पट्टी डीडीआर ४ या पिढीच्या जागी बसत नाही. पट्टीचे संपर्क मळले की संगणक सुरू होतो, पण डिस्प्ले येत नाही; खोडरबराने ते हलकेच पुसण्याचा कारागिरांचा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

भागाभागांतील संदेशांची वाहतूक सांभाळणारा चिपसेट पूर्वी दोन चिपांचा असे : नॉर्थब्रिज रॅम व ग्राफिक्स सांभाळी, साउथब्रिज डिस्क व यूएसबी. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये आपल्या घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांतच रॅमचा नियंत्रक घातला आणि हळूहळू नॉर्थब्रिज बोर्डावरून गेला. उरलेली एक चिप साटा (डिस्कची जोडणी), यूएसबी, नेटवर्क आणि ध्वनी यांची वाहतूक पाहते. ग्राफिक्स कार्ड व वेगवान एम.२ डिस्क (थेट बोर्डावर बसणारी छोटी पट्टी) पीसीआय एक्सप्रेस या वेगवान मार्गाने जोडतात.

बटण दाबल्यावर पहिली आज्ञावली बायॉसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या कायमच्या आज्ञावलीच्या, चिपमधून येते; नव्या बोर्डांवर तिची जागा यूईएफआय या तिच्या नव्या रूपाने घेतली आहे. ती प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स तपासते आणि मग डिस्ककडे वळते. वेळ मोजण्यासाठी सेकंदाला ३२,७६८ कंपने देणारा स्फटिक असतो. ही संख्या २ चा पंधरावा घात असल्याने ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद मिळतो. भिंतीवरची वीज चालू असेपर्यंत हे घड्याळ एसएमपीएसच्या वीजेवर चालते आणि ती गेली की सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या सेलवर. त्यामुळे जिथे भारनियमन असते किंवा रोज रात्री मेन स्विच बंद केला जातो, तिथे सेल लवकर उतरतो. मग संगणक जुनी तारीख दाखवतो, संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्या तारखेला अवैध ठरतात आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे पान उघडत नाही. इंटरनेटवाल्याला बोलावण्याआधी कोपऱ्यातील तारीख पाहावी.