दादरचं सॅलड : करायचं कसं, आणि ते आहे कुणाचं

खान्देशात दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, म्हटली की भाकरी. पण हल्ली आमच्याकडे काही जण अख्खी दादर मागतात ती दळायला नाही, सॅलडला. नाव नवं असलं तरी पदार्थ घुगऱ्यांच्या घरातलाच, म्हणून पाकिटासोबत ही माहिती देत आहोत.

एक वाटी दादर निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि ३ वाट्या ताजं पाणी, चवीपुरतं मीठ घालून कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून २०-२५ मिनिटं ठेवा. दाणा मऊ हवा, पण त्याचा गिचका नको. अधूनमधून एखाद्या दाण्याने तोंड उघडलेलं दिसलं की झालं. मग चाळणीत निथळून परातीत पसरा. बरेच जण पसरायचा कंटाळा करतात आणि सॅलड चिकट झालं की बोल ज्वारीला लावतात. निथळलेलं पाणी टाकू नका. ताकात घालून वरून जिऱ्याची फोडणी द्या, फार छान लागतं.

दाणे कोमट असतानाच लिंबू आणि चमचाभर कच्चं शेंगदाणा तेल चोळा, म्हणजे आंबटपणा आत मुरतो. कांद्याची पात, कोथिंबीर, हिरवी मिरची, भाजलेले शेंगदाणे वाढायच्या वेळी. काकडी-टमाटे अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. आदल्या दिवशीचं भरीत फ्रिजमध्ये उरलं असेल तर दोन चमचे कालवून बघा. मेयोनीजही चालतं म्हणतात. घाला, पण मग दादरची चव शोधू नका.

‘दादरऐवजी दलिया नुसता भिजवून चालेल का?’ हे बऱ्याचदा विचारलं जातं. नाही चालणार. लेबनॉन-सीरियाकडच्या तबूले नावाच्या सॅलडमध्ये जो बुलगुर असतो, तो गहू आधी उकडून, वाळवून मग भरडतात, म्हणून बारीक बुलगुर भिजवला तरी खाता येतो. आमचा दलिया कच्च्या गव्हाचा आहे, शिजवावाच लागेल.

राहिला ‘हा पदार्थ मूळचा कुणाचा’ हा वाद. तापी मुलताईला उगम पावते आणि आपल्या शिवारातून पुढे सुरतेला जाते. थंडीत आपण हुरडा खातो. सुरतेत ज्वारीचा तसाच कोवळा दाणा पोंक म्हणून लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. बट्टीचंही तेच. आपली वरण-बट्टी, राजस्थानची बाटी, माळव्यातले बाफले, बिहारची लिट्टी ही एकाच भावकीतली मंडळी: कुणी उकडून घेतं, कुणी थेट निखाऱ्यावर टाकतं, कुणी आत सत्तू (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ) भरतं. हक्कच सांगायचा तर ज्वारी मूळची आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेली. मिरची अमेरिका खंडातली, १४९८ नंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. शेंगदाणाही तिकडचाच. या दोघांना वगळून खान्देशी स्वयंपाक कुणी करून दाखवावा!

ज्वारीत ग्लुटेन नसतं. मात्र आमच्याकडे गहू आणि ज्वारी एकाच यंत्रावर साफ होतात, त्यामुळे सिलिअ‍ॅकचा (ग्लुटेन न सोसण्याचा) त्रास असलेल्यांनी हे पाकीट घेऊ नये. शिजवलेली दादर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते. कोरडी दादर पावसाळ्याआधी ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जुनी दादर असेल तर भिजायला आणि शिजायला थोडा जास्त वेळ द्या.