हंटर पेसची पार्श्वभूमी: ठरलेली, पण न सांगितलेली वेळ

व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट आणि दोन्ही कॅरोलिना या अमेरिकी राज्यांत सध्या वसंतात आणि शरदात रविवारी सकाळी हंटर पेस नावाच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा भरतात. दोघा-तिघांची टीम, साधारण 6 ते 10 मैलांची खुणा केलेली वाट, मध्ये कुरणे, जंगल, ओढे आणि हवे तर उडवायचे, नको तर वळसा घालून जायचे अडथळे. टीम काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. जी टीम आयोजकांनी ठरवलेल्या ‘आदर्श’ वेळेच्या सर्वांत जवळ पोचते ती जिंकते. ही वेळ आधी कोणालाच सांगत नाहीत.

आठवडाभर कचेरीत बसणारा, घोडा कोणाच्या तरी तबेल्यात भाड्याने ठेवणारा किंवा तासाच्या हिशेबाने घोडा घेणारा हौशी स्वार आणि रोज सहा घोडे फिरवणारा व्यावसायिक यांना एकाच वाटेवर, एकाच निकषाने मोजणारे खेळ घोडेस्वारीत फार थोडे आहेत. हंटर पेसमध्ये हे कसे जमले, हे समजायला त्याच्या मुळाशी असलेली खोकडाची (इंग्रजीतल्या ‘फॉक्स’ची) शिकार आणि नंतर झालेला एक वाद पाहावा लागतो.

मूळ फार जुने आहे. इंग्लंडहून मेरीलँडला आलेल्या एका जमीनदाराने 1650 मध्ये आपल्या कुटुंबाबरोबर शिकारी कुत्र्यांचा कळपही आणला होता. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष स्वतः असे कळप बाळगत. 1785 मध्ये त्यांच्या फ्रेंच सेनापती मित्राने त्यांना फ्रान्सहून हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, पाठवले. दुसरीकडे आयर्लंडमध्ये, कॉर्क परगण्यात, 1752 साली दोघांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, वाटेतले कुंपण-बांध ओलांडत शर्यत लावली. स्टीपलचेस शर्यतींची सुरुवात तिथून धरतात. अमेरिकेत ती परंपरा 1894 पासून मेरीलँडच्या लाकडी कुंपणांवरच्या शर्यतीत दिसते. भारतातही गोऱ्या अधिकाऱ्यांनी हाउंड आणले, खोकडाऐवजी कोल्ह्यामागे घोडे घातले. निलगिरीत उटीच्या माळरानावर ही प्रथा सर्वांत मूळ धरून राहिली, पण तिथून हंटर पेससारखे काही निघाले नाही.

म्हणजे शिकारीच्या मैदानातून दोन वाटा फुटल्या. एक शर्यतीची, जिथे घोड्याची सारी ताकद काही मिनिटांत खर्च होते. दुसरी शिकारीतल्या दिवसभराच्या रपेटीची, जिथे घोडा तीन-चार तास टिकला पाहिजे: कधी चौखूर, कधी दुडक्या चालीने, कधी झाडाखाली अर्धा तास नुसते उभे राहून हाउंडांचा आवाज ऐकत. हंटर पेसने ही दुसरी वाट धरली. हा फरक ध्यानात न घेता ‘शिकारी घोड्यांची शर्यत’ अशी त्याची ओळख करून दिली जाते, ती चुकीची आहे.

शिकारीचा औपचारिक मोसम नोव्हेंबर ते मार्च. कुत्र्यांना मात्र बारा महिने खायला लागते आणि शिकार क्लबचा खर्च वर्गणीत भागत नाही. मोसमाआधी घोडे तयार करायचे असतात, मोसम संपल्यावर तयार घोडे रिकामे असतात. या तिन्ही गरजा एकत्र आल्या. क्लबची वाट आखलेली, अडथळे बांधलेले, शेतकऱ्यांशी बोलणे झालेले. एका रविवारी प्रवेश शुल्क घेऊन बाहेरच्या स्वारांना ती खुली करणे सोपे होते. गटही शिकारीतल्या रचनेवरूनच पडले. शिकारीत पहिल्या फळीतले लोक सगळे अडथळे उडवत कुत्र्यांमागे जातात, तर टेकडीवरून पाहत, फाटकांतून वाट काढत येणाऱ्यांना हिलटॉपर म्हणतात. हंटर पेसमध्ये आजही उडी न मारणाऱ्यांचा हिलटॉपर गट असतो. त्याला कमी लेखण्याची पद्धत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी सर्वाधिक प्रवेशिका त्याच गटात येतात.

आता तो वाद. आदर्श वेळ कोणी आणि कशी ठरवायची?

सुरुवातीची उघड कल्पना अशी, की जो लवकर पोचेल तो जिंकेल. काही जुन्या क्लबांनी ‘सर्वांत वेगवान’ हा गट बराच काळ ठेवला, काही आजही ठेवतात. तिथे काय होते ते सरळ आहे. चांगला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) आणि निडर स्वार असेल तो जिंकतो, बाकीचे त्याच्यामागे आपला घोडा झेपेल त्याहून जोरात पळवतात, आणि जुलै-ऑगस्ट आरामात घालवलेला घोडा सप्टेंबरच्या उन्हात सातव्या मैलावर धापा टाकू लागतो. एन्ड्युरन्सच्या लांब पल्ल्याच्या रपेटींत हा धोका पशुवैद्यांच्या तपासणीने आटोक्यात ठेवतात. कॅलिफोर्नियात 1955 पासून चालत आलेल्या 100 मैलांच्या रपेटीत घोड्याची नाडी वाटेत ठिकठिकाणी तपासली जाते. एखाद्या गावच्या शिकार क्लबला एवढी व्यवस्था परवडत नाही. म्हणून वेगाचे बक्षीसच काढून टाकणे हा त्याहून स्वस्त आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा उपाय होता.

पण मग निकष काय? एक पद्धत अशी, की क्लबचा हंट्समन (शिकारीत कुत्र्यांचा कळप हाताळणारा) किंवा एखादा अनुभवी सदस्य आधी त्याच वाटेवरून शिकारीच्या दिवसासारखा जातो. उतारावर सावकाश, चिखलात कदम चालीने, मोकळ्या कुरणात जोरात. त्याला लागलेली वेळ लिहून ठेवली जाते. वाट 8 मैलांची आणि सरासरी वेग ताशी 7 मैलांचा असेल, तर सुमारे 70 मिनिटे. हिलटॉपर गटासाठी वेगळी, जास्त वेळ. आक्षेप असा, की तो गेला तेव्हा जमीन कोरडी होती आणि स्पर्धेच्या सकाळी पाऊस पडला तर काय करायचे? शिवाय त्याचा घोडा 16 ‘हँड’, म्हणजे खांद्यापाशी सुमारे सव्वापाच फूट उंच, तर पोनीवर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीने त्याच्या वेळेशी का बांधून घ्यावे? आणि क्लबच्या आतल्या मंडळींना त्याचा वेग माहीत असतोच.

दुसरी पद्धत सरासरीची. त्या दिवशी त्या गटात आलेल्या सगळ्या टीमच्या वेळांची सरासरी काढायची आणि तीच आदर्श वेळ मानायची. पाऊस, उष्णता, लहान घोडे, सगळ्याचा हिशेब आपोआप होतो. पक्षपाताचा संशयही उरत नाही. म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली. तिची खोड मात्र मोठी आहे. समजा, दहा टीम 75 मिनिटांत आल्या आणि अकरावी रस्ता चुकून तीन तासांनी आली. सरासरी 84 च्या वर जाते, आणि नीट, समजून चालवलेल्या दहाही टीम ‘चुकीच्या’ ठरतात. यावर काही आयोजक दोन्ही टोकांच्या वेळा गाळतात, काही मधली वेळ घेतात. पण खरा प्रश्न तसाच राहतो: ज्या सकाळी निम्मे लोक गप्पा मारत चालले, त्या सकाळी गप्पा हाच आदर्श वेग होतो. ज्याने चढ-उतार पाहून घोडा खेळवला, त्याच्या जाणकारीला किंमत उरत नाही.

मला हंट्समनची पद्धत पटते, तिच्या सगळ्या दोषांसकट. पावसाच्या सकाळी त्याने पुन्हा एकदा वाट पाहून वेळ वाढवावी, मुलांसाठी वेगळा गट करावा. हे दोष दुरुस्त करता येतात. कारण या खेळाची गंमत अंदाजात आहे: ही जमीन, हा घोडा, ही हवा पाहता एखादा जाणता माणूस इथून कसा गेला असता? निकाल लागेपर्यंत दोन मैत्रिणी ट्रेलरच्या मागे सँडविच खात ‘त्या ओढ्यानंतर आपण उगाच कँटर (मध्यम दौड) केला’ म्हणून हळहळत असतात, त्या चर्चेला अर्थ येतो तो समोर कोणीतरी जाणता असल्यामुळे. ताज्या सरासरीशी असा संवाद होत नाही.

वेळ गुप्त ठेवण्याबद्दल मात्र फारसे मतभेद नाहीत. इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धेतल्या क्रॉस-कंट्री फेरीत आदर्श वेळ जाहीर असते, स्वार मनगटावर स्टॉपवॉच लावतात, आणि अमेरिकेत खालच्या स्तरांवर फार लवकर येणाऱ्यांनाही दंड होतो. हंटर पेसमध्ये वेळ जाहीर केली तर शेवटच्या अडथळ्यामागे रांग लागेल आणि सगळे घड्याळ पाहत चालत येतील. वाटेत बहुधा एक सक्तीचा थांबा असतो. तिथे घोड्यांना श्वास घेऊ देतात, स्वारांना पाणी मिळते, आणि ती मिनिटे एकूण वेळेतून वजा होतात.

अडथळ्यांचाही थोडा इतिहास आहे. इलिनॉयमध्ये 1874 साली काटेरी तारेचे पेटंट निघाले आणि काही दशकांत शेतांच्या हद्दी तारेच्या झाल्या. घोड्याला तार दिसत नाही, आणि दिसली तरी उडीचा अंदाज येत नाही. त्यावर उपाय म्हणून तारेच्या कुंपणावर ठिकठिकाणी फळ्यांचे तिरके छप्पर बसवण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्यासारखे दिसते म्हणून, खुराड्याच्या इंग्रजी शब्दावरून, त्याला ‘कूप’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी उतरते असल्यामुळे घोडा ते नीट मोजतो आणि नवशिक्या स्वारालाही विश्वास वाटतो. शेतकऱ्याचे कुंपण शाबूत राहते, गुरे बाहेर येत नाहीत, आणि स्वाराला वाट मिळते. हंटर पेसमध्ये उडवायचे बहुतेक अडथळे हेच असतात, शिवाय ओंडके आणि न्यू इंग्लंडकडच्या जुन्या दगडी भिंती.

हौशी लोकांची गर्दी वाढली ती गेल्या काही दशकांत. जमीनमालकांना खटल्याची भीती होती. कोणी पडला तर आपल्यावर येईल म्हणून ते वाट देईनात. वॉशिंग्टन राज्याने 1989 मध्ये घोड्यांच्या उपक्रमांतली दायित्वे मर्यादित करणारा कायदा केला आणि पुढे बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. तबेल्याच्या दारावर आणि नोंदणीच्या टेबलावर ‘धोका आपल्या जबाबदारीवर’ अशा अर्थाच्या ज्या पाट्या दिसतात, त्या यातून आल्या. प्रमाणित हेल्मेट सक्तीचे झाले. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची, 1970 च्या दशकात रूढ झालेली रक्तचाचणी नकारार्थी असल्याचा कागद दाखवल्याशिवाय घोडा ट्रेलरमधून उतरवू देत नाहीत. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची जुनी चाल अजून पाळतात, आणि ती पाळायलाच हवी.

खर्चाचाही भाग आहे. मान्यताप्राप्त ‘हॉर्स शो’ स्पर्धेत एका दिवसाला काही शे डॉलर सहज जातात. हंटर पेसची प्रवेश फी माणशी बहुधा 40 ते 60 डॉलरच्या आसपास, आणि त्यात अनेकदा जेवणही येते. पोशाखाची सक्ती सैल, काही ठिकाणी वेस्टर्न खोगीरही चालते. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतल्या ज्या मुली तबेल्यात शिकतात, त्यांच्यासाठी तासाभराच्या आतच्या अंतरावरच्या सॉमरसेट परगण्यातल्या टेकड्यांवर असा एक रविवार म्हणजे रिंगणाबाहेरची पहिली मोठी रपेट ठरू शकते. आईवडिलांना मी एवढेच सांगेन, की पहिल्यांदा हिलटॉपर गटात, एका अनुभवी स्वाराबरोबर पाठवा.

या सगळ्याला जमीन लागते, आणि अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा झगडा जमिनीवरच झाला. नोव्हेंबर 1993 मध्ये एका मोठ्या मनोरंजन कंपनीने उत्तर व्हर्जिनियात हेमार्केटजवळ, यादवी युद्धाच्या मनॅसस रणभूमीपासून काही मैलांवर, सुमारे 3000 एकरांवर इतिहासाचा थीम पार्क जाहीर केला. शेजारच्या शिकारी मुलखातले जमीनदार आणि इतिहासकार एकत्र आले आणि सप्टेंबर 1994 मध्ये कंपनीने माघार घेतली. श्रीमंतांनी आपली कुरणे राखली, अशी टीका तेव्हा झाली, आणि ती पूर्ण खोटी नाही. स्थानिकांपैकी काहींना तिथल्या नोकऱ्या हव्या होत्या. पण त्या भागातल्या मोकळ्या वाटा टिकल्या, हेही तितकेच खरे. व्हर्जिनियात 1966 पासून मोकळ्या जमिनींच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि हद्दीला लागून असलेली शेते बांधकामापासून कायमची मुक्त करणारे करार झाले तरच आठ मैलांची सलग वाट उरते. हंटर पेसच्या दिवशी बाहेरून आलेल्या स्वारांनी फाटके बंद ठेवली, पेरलेल्या शेताच्या कडेने गेले, तर पुढच्या वर्षी तोच शेतकरी पुन्हा होकार देतो.

शिकारीबद्दलचे मतही बदलले. स्कॉटलंडमध्ये 2002 मध्ये कुत्र्यांच्या कळपाने खोकड मारण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदी फेब्रुवारी 2005 मध्ये लागू झाली. अमेरिकेत तशी देशव्यापी बंदी नाही, तिथले क्लब पाठलागावर भर देतात, आणि पूर्वेकडे खोकडाच्या जोडीला कायोटी हा लांडग्याच्या कुळातला प्राणीही आला आहे. पण हंटर पेसला येणाऱ्या अनेकांना शिकारीत अजिबात रस नसतो. क्लबांसाठी ही अडचण नाही, उलट तिथूनच त्यांना स्वयंसेवक आणि थोडेफार नवे सदस्य मिळतात.

2020 च्या वसंतातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले; त्यानंतर ऑनलाइन नोंदणी आणि आधी ठरलेली सुटण्याची वेळ या गोष्टी रुळल्या. आता फोनवर वेग दाखवणारी अॅप सगळ्यांकडे आहेत. त्यामुळे गुप्त वेळेचा अर्थ काय उरला, अशी कुजबुज होते. फोन तुमचा वेग सांगतो, हंट्समनचा नाही. ज्या क्लबांना अजूनही धाकधूक वाटते, ते दर वर्षी वाटेचा एखादा तुकडा बदलतात, म्हणजे गेल्या वर्षीचे अंतर कोणाच्या कामी येत नाही.