फवारणीत विषबाधा झाली तर: मुंडे योजनेचा अर्ज दवाखान्यापासूनच सुरू होतो

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की सांगलीच्या तासगाव-मिरज पट्ट्यात ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप, थांबत नाही. हवा बिघडली तर लागोपाठ फवारण्या. अशात कुणाला विषबाधा होऊन जीव गेला, तर स्व. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख मिळतात. एक डोळा किंवा एक अवयव कायमचा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने मधली विमा कंपनी गेली. पैसे थेट शासन देतं. हप्ता नाही.

उपचाराचा खर्च मात्र यात नाही. चार दिवस आयसीयूत काढून माणूस बरा झाला, तर या योजनेतून रुपयाही येत नाही. त्यासाठी दाखल होतानाच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेला खातेदार आणि नाव नसलेला घरातला एक जण: आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी. रोजानं फवारायला येणारा भूमिहीन गडी यात बसत नाही. सगळ्यात जास्त औषध तोच अंगावर घेतो, पण नियम सातबारा बघतो. गावाकडे त्याच्या नावावर दोन गुंठे असले तरी तो खातेदारच, हे बागमालकानं सांगायला हवं.

आता खरी मेख. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न योजनेत चालत नाही. दारूच्या अमलाखालचा अपघातही नाही. आणि औषध प्यालेला काय, फवारताना बाधलेला काय, कॅज्युअल्टीत दोघंही सारखेच दिसतात: घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू. आमच्या भावकीतल्या एकाच्या केसपेपरवर घाईत ‘विष प्राशन’ लिहिलं गेलं. तेव्हा कुणी वाचलंच नाही. पुढं त्या दोन शब्दांपायी त्याच्या बायकोला सात महिने जबाब देत फिरावं लागलं.

म्हणून सोबत जाणाऱ्यानं डॉक्टरांना नीट सांगावं: कुठल्या बागेत, किती वाजल्यापासून, कोणतं औषध. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) केली का, ते विचारावं. बाटली लेबलासकट पिशवीत बांधून न्यावी. ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा की आणखी काही, हे ठरवायला डॉक्टरांना औषधाचं नाव लागतं आणि पोलिसांनाही तीच बाटली लागते. १०८ ची गाडी येईपर्यंत भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवावं, कुशीवर झोपवावं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये.

कागदपत्रं: सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, तलाठ्याकडची गाव नमुना ६-क ची वारसनोंद, पोलिसांचा पहिला अहवाल किंवा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. विषबाधेत व्हिसेऱ्याचा (शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा) रासायनिक विश्लेषण अहवालही लागतो. तो यायला वेळ लागतो. त्याची वाट बघत बाकीची फाईल घरात ठेवू नका. व्हिसेरा पाठवल्याचं पोलिसांचं पत्र जोडा आणि पुढं चला.

कारण प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पोचायला हवा. महसूल, पोलीस आणि कृषी खात्याचं पथक जागा पाहून ८ दिवसांत तहसीलदारांना अहवाल देतं. त्यांची समिती ३० दिवसांत निर्णय घेते. नामंजूर झालं तर अपील जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. फाईल देताना पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.